सोनूबाईची मोटार

"आता जोर लावशील तं किल्ली आतच मोडंल. मंग माझ्याकडं बी येऊ नको, सीधा लोहाराकडं जा," लालमियाँ म्हणाला आणि कानावरची बिडी काढून त्यानं ओठात धरली.

कचरूनं मोटारीतल्या समोरच्या कप्प्याच्या किल्लीवरचा हात काढला. बोटांवर किल्लीचे वळ उठले होते. सकाळपासून त्यानं ती किती वेळा फिरवली असेल कोण जाणे. अर्ध्यात जायची आणि तिथंच रुसून बसायची. वडीगोद्रीच्या रामराव देशमुखांची काळी मोटार शहागडच्या पेठेत, लालमियाँच्या दुकानासमोर, लिंबाच्या सावलीत उभी होती. दुकान म्हणजे चार बांबूंवर टाकलेलं तरट. त्याखाली कुलपं, कंदील, मोडक्या छत्र्या आणि त्या सगळ्यांच्या मधोमध पांढऱ्या दाढीचा लालमियाँ. आसपासच्या कुठल्याही गावात कुणाचं कुलूप अडलं की तो माणूस इथंच यायचा. मोटार मात्र पहिल्यांदाच आली होती, म्हणून म्हाताऱ्यानं आधी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या होत्या, सोयरिकीला आलेला माणूस घर बघतो तशा.

"जल्दी करा चाचा."

"जल्दी काय करू? टाळं बोलंल तवा बोलंल. आन् आत हाय तरी काय येवढं?"

"मालकीणबाईचा पानाचा डबा," कचरू म्हणाला आणि त्यानं खाली बघितलं.

खोटं बोलताना त्याला नेहमी खाली बघायला लागायचं. त्याची बायको सोनूबाई त्याला हमखास त्यावरून पकडायची. "मपल्या डोळ्यात बघून सांगा बरं," म्हणायची, आणि मग याची त्रेधा उडायची. आता पकडणारं कुणी नव्हतं. कारण त्या कप्प्यात पानाचा डबा नव्हता. त्या कप्प्यात सोनूबाई होती.

म्हणजे तिच्या अस्थी. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं, दोन ओंजळींत मावेल एवढं गाठोडं.

पौषात तापाचं निमित्त होऊन ती गेली. कचरू तेव्हा जालन्यात होता, देशमुखांना घेऊन कापसाच्या बाजारात. निरोप आला तेव्हा देशमुख व्यापाऱ्यांशी बोलत बसले होते. "एवढं आटपलं की निघूच," ते म्हणाले. त्यांचं चुकलं असं नाही. निरोपात नुसतं 'तब्येत जास्त आहे' एवढंच होतं. ते आटपेपर्यंत दिवस कलला, आणि कचरूनं मोटार गावात घातली तेव्हा ओढ्याकडून धूर वर चढत होता. सवाष्ण बाई गेली की तिचा मळवट नवऱ्यानं आपल्या हातानं भरायचा असतो. तिचा शेजारच्या बायांनी भरला. ही गोष्ट कचरूनं कुणाजवळ काढली नाही, पण भाकरीचा घास मोडताना, टायरमध्ये हवा भरताना, कधीही ती वर यायची आणि त्याचा हात तिथल्या तिथं थांबायचा.

दहावा ओढ्यावरच उरकला. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून ते गाठोडं त्यानं मोटारखान्यामागच्या बाभळीला टांगून ठेवलं. भाऊबंद म्हणाले, कुणाच्याही बैलगाडीतून जा, न्हाईतर पायी जा, पण शहागडाला जाऊन गंगेत सोड आणि मोकळा हो. गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात. कचरू ऐकेना. म्हातारपणी ह्याला चळ लागला, असं लोक बोलायला लागले. पण तिला बैलगाडीतून न्यायचं नव्हतं. तिला मोटारीतून न्यायचं होतं.

सोनूबाईनं नवऱ्याकडं आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. मोटार नवी नवी देशमुखांच्या दारी आली, म्हणजे देशमुखांना नवी, सिकंदराबादच्या कुण्या साहेबानं वापरून सोडलेली, तेव्हा ती एकदाच म्हणाली होती, "एक डाव मला हिच्यातून गंगंवर न्या की. माय म्हणायची, शहागडाला गंगा लई मोठी दिसती."

"बघू," कचरू म्हणाला होता.

त्या 'बघू'वर देशमुखांच्या कन्या उषाताई परकरातून लुगड्यात गेल्या, लग्न होऊन गंगेपलीकडं गेवराईला नांदायलाही गेल्या. लढाई आली, पेट्रोल दिसेनासं झालं, मोटार महिनोन्महिने एका जागी उभी राहिली. कचरू तिला रोज पुसायचा आणि 'बघू' तसंच राहायचं. कुणी नको म्हटलं होतं असंही नाही. देशमुख काही वाईट माणूस नव्हता. विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाला असता. पण विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि कचरूचं तोंड मालकासमोर फक्त 'जी' म्हणायला उघडायचं. मोटार थांबली की उतरायचं, फिरून मागच्या दाराशी जायचं, दार धरायचं, मान खाली घालून "पोचलो जी, उतरा" म्हणायचं. त्याची सगळी उमेद त्या दाराशी उभं राहण्यात गेली. स्वतःच्या बायकोसाठी ते दार उघडायचं त्याला कधी धाडस झालं नाही, आणि आता त्याबद्दल तो स्वतःलाच खात होता.

मग माघात संधी आली. उषाताई पहिलटकरीण, सातवा लागलेला, माहेरी येणार होत्या. देशमुखांनी जालन्याला खेटे घालून पेट्रोलचा परवाना मिळवला. उषाताईंना आणायला गोजरबाई, घरातली जुनी विधवा आत्या, आधीच पलीकडं गेली होती. दुपारी नावेनं त्या शहागडच्या काठाला उतरणार, आणि कचरूनं मोटार घेऊन काठावर हजर राहायचं. जाताना मोटार रिकामी. कचरूनं मनाशी सगळं बसवलं. सकाळीच निघायचं, सोनूबाईला शेजारी घ्यायचं, गंगेत सोडायचं, स्वतः बुडी मारायची, मोटार गंगेच्या पाण्यानं आतून-बाहेरून धुवायची आणि मग नावेची वाट बघायची. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

घोडं अडलं ते त्या कप्प्यापाशी. मोटारीच्या समोरच्या फळीत, चालवणाऱ्याच्या शेजारच्या अंगाला, तो झाकणाचा कप्पा होता. साहेब लोक म्हणे त्यात हातमोजे ठेवत. हे ऐकून तेव्हा सगळं गाव हसलं होतं. वैशाखात नांगराच्या फाळाला हात लावला तर फोड येतो, अशा मुलखात हातमोजे घालणार कोण? देशमुखांकडं त्यात सुपारी राहिली, अडकित्ता राहिला. झाकणाची खिट्टी झिजली तशी कागदाची घडी खोचून ते बसवायची वहिवाट पडली आणि कुलपाला कित्येक वर्षांत किल्ली लागली नाही. आज गाव सुटलं आणि पहिल्याच खड्ड्याला झाकण पडलं. दुसऱ्या खड्ड्याला गाठोडं बाहेर सरकलं. त्यानं मोटार थांबवली, गाठोडं आत सारलं, जुडग्यातली बारकी किल्ली शोधली आणि सगळा जोर लावून कुलूप फिरवलं. करकरत का होईना, ते लागलं. आणि लागलं ते लागलंच.

"बिजागरीचे स्क्रू आतल्या अंगाला हायेत," लालमियाँ कप्प्याखाली डोकं घालून म्हणाला. "साहेबाचं काम, चोरानं बी हात जोडावे असं. असं कर, छिन्नीनं झाकण उचलू. एक घाव, काम फत्ते."

"न्हाई न्हाई. फोडायचं न्हाई."

"मालकाला भ्यालास?"

"व्हय," कचरू म्हणाला. ते खोटं नव्हतं, पण निम्मंच खरं होतं.

लालमियाँनं वाकड्या तारांचा झुबका काढला. एक तार घातली, कान जवळ नेला, दुसरी घातली. हाताच्या मुठीनं झाकणावर दोनदा ठोकलं.

"ठोकू नका, चाचा!"

"आँ? डबा हाय का अंडी हायेत रे आत?" म्हातारा हसला. "आत काय तरी गच्च बसलंय, लाखेवानी. तारेला हलू देईना. घासलेट पाजावं लागंल. पिऊ दे त्याला जरा, तंवर तू बी चहा पी. तुपलं तोंड उतरलंय."

चहा पिण्याइतका कचरूचा जीव ठिकाणावर नव्हता. तो तरातरा काठाकडं गेला. उतारावरून गंगेचं पात्र दिसलं, वाळू आणि त्यापुढं उन्हात चकाकणारं पाणी. पलीकडच्या काठावर बैलांची दमणी येऊन सुटली होती. नावाड्याची माणसं सामान चढवत होती. त्यात हिरव्या लुगड्याचा एवढासा ठिपका दिसला. उषाताईच त्या.

ते पोर त्यानं आपल्या मांडीवर बसवून चालकाच्या जागी खेळवलं होतं. उषाताईंनी पहिल्यांदा भोंगा वाजवला तो त्याच्याच मांडीवरून. आता ती पोटुशी बाई येणार आणि ज्या मोटारीत अस्थी आहेत त्या मोटारीत बसणार? मसणातून आलेल्या बाईच्या पदराचा वारासुद्धा गरवारशीला लागू देत नाहीत. दुसऱ्या कुणाला हे खूळ वाटलं असतं तर वाटू दे. कचरूला ते वाटत नव्हतं. त्या पोटातल्या जिवाला काही झालं तर ते आपल्या हातानं झालेलं असेल, एवढंच त्याला कळत होतं. तो आला तसा मागं पळाला.

"निघालं का?"

"हे बघ, काय निघून राह्यलं," लालमियाँ म्हणाला.

कोंबडीचं पीस घासलेटात बुडवून तो किल्लीच्या भोकात फिरवत होता. भोकातून तांबडापिवळा चिकट गाळ बाहेर येत होता. म्हाताऱ्यानं खाली पळसाचं पान धरलं होतं, त्यात तो जमा होत होता. त्यानं बोटाला लावून वास घेतला, भुवया वर केल्या.

"हळद. आन् कुंकू, तेलात कालवलेलं. देवळाच्या टाळ्याला असं होतं, म्या कितीदा साफ करून दिलंय. मोटारीच्या टाळ्याला पयल्यांदा बघून राह्यलो. कोन भरतं रे हे?"

कचरू मोटारीच्या पायरीवर बसला.

दसऱ्याला मालकीणबाई समोरून मोटारीला ओवाळायच्या, झेंडूची माळ घालायच्या आणि आत जायच्या. मग मागून सोनूबाई यायची. तिला मोटारीत बसायची मुभा नव्हती, पण पुजायला कुणी अडवलेलं नव्हतं. दारांच्या मुठी, भोंगा, चालवायचं चाक, सगळ्यांना ती हळदीकुंकवाची बोटं लावायची. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडतं म्हणून तेलात कालवून आणायची. आणि सगळ्यात शेवटी बाहेर उभी राहून, आत नुसता हात घालून, त्या कप्प्याच्या पितळी भोकाला बोट लावायची, चांगलं दाबून. पहिल्या दसऱ्याला कचरू तिच्यावर खेकसला होता, "त्याला कामून? ते किल्लीचं भोक हाय!"

"त्याला बी तोंड हाय न्हवं," ती म्हणाली होती. "सगळ्यांला देऊन त्यालाच उपाशी ठिवायचं व्हय?"

दर दसऱ्याला एक बोट. मोटार उभी राहिली त्या वर्षांतही एक बोट चुकलं नाही. तेल सुकत गेलं, धूळ बसत गेली, वर पुन्हा कुंकू. तिच्याच हातानं भरलेलं ते कुलूप आता तिला आत धरून बसलं होतं. इतकी वर्षं पायरीपाशी उभी राहिलेली बाई एकदाची आत बसली आणि आता उतरायला तयार नव्हती. कचरूला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. त्यानं रुमालानं तोंड पुसल्यासारखं केलं.

"मपली घरची भरायची," तो म्हणाला.

"मंग तिलाच आणायचं संगं. तिनंच काढलं असतं," लालमियाँ म्हणाला आणि पीस पुन्हा घासलेटात बुडवलं.

कचरू उठला, रस्त्यापर्यंत गेला, परत आला, परत गेला. आणि तिसऱ्या खेपेला उतारावरून गोजरबाईचा आवाज वर आला.

"कचऱ्या! मेल्या, काठावर मोटार कुठंय? पोरीला तंगडतोड करत चढावं लागलं की रे!"

पुढं गोजरबाई, मागं डोक्यावर ट्रंक घेतलेला नावाडी, आणि सगळ्यांच्या मागं कमरेवर हात ठेवून हळूहळू चालणाऱ्या उषाताई. चेहरा उन्हानं लालबुंद झालेला. कचरूला बघून त्या हसल्या.

"कचरूकाका, किती वाळलात! सोनूकाकू जेवायला घालत न्हाई का?"

गोजरबाईनं कचरूकडं डोळे वटारले. पोटुशीच्या कानावर मरणाची बातमी घालायची नाही म्हणून सगळ्या घरानं तोंड शिवलं होतं. कचरूनं खाली बघितलं.

"मोटार जरा बिघडलीय ताईसाब. हे चाचा बघून राह्यले. जरा वेळ तिकडं सावलीला..."

"मंग आम्ही आतच बसतो की," गोजरबाई म्हणाली. "गादी हाय, सावली हाय. चल गं पोरी, पाय बघ कसे सुजलेत."

"आत नगं!" कचरू दारापुढं आडवा झाला. "आत... आत इच्चू निघालाय."

"मंग मार की! इच्चवाला भ्याला का तू?"

"सापडंना."

"बाजूला हो बरं."

"न्हाई, गोजरबाई. पाया पडतो, न्हाई बसायचं."

उषाताई त्याच्याकडं बघत राहिल्या. लहानपणापासून त्याला ओळखत होत्या त्या. "कचरूकाका, तुम्ही खाली बघून बोलून राह्यले," त्या हळूच म्हणाल्या.

इकडं लालमियाँला वाटलं, आपल्यामुळं बाईमाणूस उन्हात ताटकळलंय. त्याला या घोळातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं मनाशी ठरवलं, झाकण जाऊ दे, मालकाला काय सांगायचं ते आपण सांगू. पलीकडच्या दारातून तो आत वाकला, छिन्नी झाकणाच्या फटीला लावली आणि हातोडी उचलली.

"थांबा!" कचरू ओरडला. "चाचा, थांबा! लागंल तिला!"

हातोडी वरच राहिली. चहाच्या टपरीवरची माणसं बोलायची थांबली.

"कुणाला लागंल?" गोजरबाईनं विचारलं.

आता खाली बघूनही उपयोग नव्हता. कचरूनं एकदा उषाताईंकडं बघितलं आणि जे होतं ते सांगून टाकलं. अडखळत सांगितलं, निम्मं रडत. पौषात गेली. गंगेवर मोटारीतून यायचं म्हणायची. तिला कप्प्यात ठेवली, कुलूप लावलं, ते निघत न्हाई. तुम्ही यायच्या आत सोडणार होतो. तुम्हाला तिच्यासंगं बसवणार नव्हतो, आईशप्पथ नव्हतो.

उषाताईंचा हात आपोआप पोटावर गेला आणि त्या दोन पावलं मागं सरकल्या. साहजिकच होतं ते. तरी ती दोन पावलं कचरूला फार लागली.

"धन्याच्या मोटारीत मढं घातलंस?" गोजरबाईचा आवाज चिरकला. "पहिलटकरणीला आणायची मोटार, आन् तिच्यात? आग लागो तुपल्या अकलेला! रामरावाला सांगितल्याबिगर पाणी पिणार न्हाई मी. उंद्यापासून मोटारीला हात लावलास तं बघ!"

"आत्या, गप बस," उषाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज देशमुखांच्या लेकीचा होता. "पेठेतून दमणी बघा कुणाची. मी दमणीनं जाईन."

"अगं पण हाडं खिळखिळी होतील..."

"होऊ दे."

नावाडीच दमणी आणायला धावला. ती येईपर्यंत उषाताई लिंबाच्या पलीकडच्या अंगाला, मोटारीपासून लांब, ट्रंकेवर बसून राहिल्या. जवळ काही आल्या नाहीत. दमणीत चढताना मात्र त्या थांबल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "त्या कप्प्यात माझी बोरं असायची, काका. शाळा सुटली की सोनूकाकू भरून ठेवायची. मी मोटारीत बसून खायची आन् ती खाली उभी राह्यची." पदरानं तोंड दाबून त्या एवढंच म्हणाल्या, "सावकाश उतरवा तिला."

दमणी वडीगोद्रीच्या वाटेला लागली. गोजरबाईचं तोंड वळणापर्यंत ऐकू येत होतं. कचरूला कळून चुकलं की मोटारीच्या किल्ल्या आज संध्याकाळपर्यंतच आपल्या. त्याला वाटलं होतं, ही वेळ आली तर आपण कोसळू. पण सकाळपासून छातीत जे धडधडत होतं तेच आता जरा खाली बसलं.

तो वळला. लालमियाँनं छिन्नी-हातोडी दुकानात नेऊन ठेवली होती. पायातले जोडे काढून त्यानं ते लिंबाच्या बुंध्याशी नीट लावले होते. हात धुतले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि अनवाणी पायानं तो पुन्हा मोटारीत जाऊन बसला.

"पयले बोलला असतास," एवढंच तो म्हणाला.

आता तो ठोकत नव्हता, तारही खुपसत नव्हता. पिसानं थोडं घासलेट सोडायचा, चिंधीच्या टोकानं गाळ टिपून पानात घ्यायचा, किल्ली हलकेच घालून केसभर फिरवायचा, पुन्हा काढायचा. वाट बघायचा. आजारी माणसाच्या तोंडात पाणी सोडावं तसं त्याचं काम चाललं होतं. कचरू पायरीवर बसून त्याच्या हाताकडं बघत होता आणि त्याला उठून फेऱ्या माराव्याशा वाटत होत्या, पण तो उठला नाही. टपरीवरची माणसं कुजबुजत होती. ऊन लिंबाखाली शिरलं. पानातला गाळ वाढत गेला. किती दसरे त्यातून वर आले कुणास ठाऊक.

कुलपानं बारीकसा आवाज केला. किल्ली पूर्ण फिरली होती.

लालमियाँनं झाकणाला हात लावला नाही. तो मागच्या मागं उतरला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

"तुपलं तू काढ."

कचरूनं झाकण खाली घेतलं. गाठोडं होतं तसंच होतं, कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. त्यानं ते दोन्ही हातांनी बाहेर घेतलं. लालमियाँ पळसाचं पान उचलून फेकायला निघाला होता.

"ते फेकू नका, चाचा. इकडं द्या."

घासलेटाचा वास मारणारा तो तांबडापिवळा गाळ कचरूनं आंगठ्यावर घेतला. पांढऱ्या फडक्याची गाठ जिथं होती त्याच्या वरच्या अंगाला, जिथं त्याला कपाळ वाटलं तिथं, त्यानं आंगठा टेकवला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा ओढला. मळवट वाकडा झाला. त्यानं पुन्हा घेतलं, पुन्हा ओढलं, चांगला भरून. तिनं मोटारीला दिलेलं सगळं कुंकू तिला परत मिळेपर्यंत तो भरत राहिला.

काठ तिथून जवळ होता, गाठोडं हातात घेऊन चालत गेला असता तरी चाललं असतं. कचरूनं मोटारीचं मागचं दार उघडलं. देशमुख बसायचे त्या जागी, गादीच्या मधोमध, त्यानं तिला ठेवलं. डोक्याचा रुमाल सोडून तिच्या भोवती लावला, म्हणजे खड्ड्याला कलंडायची नाही. मग त्यानं समोर जाऊन हँडल मारलं, जागेवर बसला आणि भोंगा वाजवला.

पेठेतल्या लोकांना काळी मोटार म्हणजे देशमुख. टपरीपासून लांब, पुढच्या ओट्यांवर ज्यांना काही ठाऊक नव्हतं ती माणसं सवयीनं उठून उभी राहिली. कुणी रामराम घातला, कुणी सलाम केला. एका म्हाताऱ्यानं रस्त्यातली शेळी ओढून बाजूला घेतली. कचरूनं कुणाकडं बघितलं नाही. तो इतकी सावकाश मोटार कधी चालवत नसे. शेजारचा कप्पा उघडा होता आणि झाकण खडखडत होतं, ते त्यानं खडखडू दिलं.

उतार संपला, चाकांना वाळू लागली, तिथं त्यानं मोटार उभी केली. समोर गंगा होती, तिची माय म्हणायची तेवढी मोठी. तो उतरला, मोटारीला वळसा घालून मागच्या दाराशी आला. बोडक्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. दार उघडून धरलं, मालकासाठी धरायचा तसंच, पण या वेळी मान खाली घातली नाही. सरळ आत बघितलं.

"पोचलो जी," कचरू म्हणाला. "उतरा."